टिग वेल्डिंग: टाका दिसतो छान, पण धरतो का?

आजचा विषय जरा गरम आहे, अक्षरशः. आठवडाभर मी लॅपटॉपसमोर बसून कोड लिहितो आणि रविवारी सकाळी भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये जाऊन टिग वेल्डिंग शिकतो. दीड वर्ष झालं. वर्कशॉपवाले काका मशीन वापरायचे पैसे घेतात, बोलणी मात्र फुकट देतात.

आधी पटकन बेसिक. टिग म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस. आपल्याकडे बरेच जण याला सरळ 'आर्गॉन वेल्डिंग' म्हणतात. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमानकंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत उपयोगात आणली. मॅग्नेशियमसारखा पटकन पेट घेणारा धातू जोडायचा होता, म्हणून त्यांनी हेलियम वापरला. आता बहुतेक ठिकाणी आर्गॉन असतो.

टॉर्चमध्ये टंगस्टनची टोकदार सुई असते. स्टील साधारण १,५०० अंश सेल्सिअसला वितळतं, टंगस्टनला ३,४०० च्या वर जावं लागतं. म्हणून ठिणगीची ज्योत सुईच्या टोकावर असते, पण वितळतं ते समोरचं स्टील. त्याचं एक छोटंसं चकाकतं तळं होतं आणि त्यावर आर्गॉनचं पांघरूण असतं, हवा लागू नये म्हणून. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर तार, पायाखाली करंटचं पेडल. उष्णता वेगळी, तार वेगळी, वेग वेगळा. सगळं तुमच्या हातात. म्हणूनच काम सुंदर होतं आणि म्हणूनच शिकायला वेळ लागतो.

आता मुद्द्यावर येतो. रील्सवर तुम्ही ते टाके पाहिले असतील. नाण्यांची चळत आडवी केल्यासारखे, वर निळा-जांभळा रंग. खूप भारी दिसतं, मान्य. पण स्टेनलेसवरचा तो रंग म्हणजे वर जमलेल्या ऑक्साइडचा पातळ थर. हलका सोनेरी असेल तर गॅस आणि उष्णता ठीक होती, करडा-काळपट झाला तर जास्त तापलं किंवा गॅस कमी पडला, एवढं त्यातून कळतं. आत, दोन पट्ट्यांच्या मुळाशी धातू एक झाला का, हे रंग सांगत नाही. करंट कमी असेल तर तार वितळून वर छान बसते आणि खाली दोन्ही पट्ट्या तशाच सुट्या राहतात.

मग शिकायचं कसं? आपण डीबगिंग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना? तसंच.

पहिले काही रविवार तार हातात घ्यायचीच नाही. २ मिमीची एमएसची पट्टी घ्या आणि नुसतं तळं सरळ रेषेत पुढे न्या. १ मिमी जाडीला साधारण ४० अँपिअर, हा सुरुवातीचा अंदाज. सुई आणि पट्टीत दीड-दोन मिमी अंतर, टॉर्च किंचित मागे कललेली. अंतर वाढलं की तळं पसरट होतं आणि पट्टी उगाच तापते. कमी झालं की सुई तळ्यात बुडते. सगळ्यांची बुडते. थांबायचं, सुई पुन्हा घासायची, आणि घासायची ती लांबीच्या दिशेने, गोल गोल नाही. आडवे ओरखडे पडले की ज्योत भरकटते.

मग हाताचा आधार. काकांचं वाक्य आहे, "अहो इंजिनिअर, हात हवेत ठेवून सही तरी येते का?" मशीन बंद ठेवून पूर्ण रेषेवरून एकदा टॉर्च फिरवून बघा. कोपर कुठे अडतंय ते आधीच कळतं.

त्यानंतर तार. बोटांनी तार पुढे सरकवायची सवय घरी होते. मी ऑफिसच्या कॉलवर पेन सरकवत बसतो. तार तळ्याच्या पुढच्या कडेला टेकवायची, सुईला नाही. आणि मागे घेताना गरम टोक आर्गॉनच्या बाहेर न्यायचं नाही. ढोल-ताशा पथकात असाल तर ही लय लवकर सापडेल.

आणि साफसफाई! एमएसवरची काळी पपडी ग्राइंडरने काढा, तेलकटपणा अॅसिटोनने पुसा, वाळू द्या. कंटाळवाणं आहे, पण टिगला घाण अजिबात चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आपलंच काम मोडून बघा. दोन पट्ट्या इंग्रजी टी आकारात उभ्या करा, एकाच बाजूने वेल्ड करा आणि टाका असलेल्या बाजूकडे हातोड्याने आडवी पाडा. तुटलं तर मुळाशी बघा. पट्टीची मूळ धार सरळ, जशीच्या तशी दिसली, म्हणजे आत काही वितळलंच नव्हतं. मी वहीत अँपिअर, जाडी आणि मोडल्यावर काय दिसलं, हे लिहितो. दिसायला सगळ्यात देखणे टाके कधीकधी सगळ्यात आधी सुटतात, हे त्या वहीनेच शिकवलं.

मध्ये ताईचा फोन आला. "अरे, तुला वेल्डिंग येतं ना? सायकलच्या मागे पिल्लूची सीट बसेल असं स्टँड करून दे." मी म्हटलं, "ताई, ते तयार, कंपनीचं घे. मी तुला कुंड्यांचं स्टँड करून देतो." ती थोडी रुसली. पण माझा नियम साधा आहे: तुटलं तर काय पडेल? कुंडी पडली तर दीडशे रुपये जातील. पोर पडलं तर? गाडीचे भाग, झोके, शिडी, प्रेशरची टाकी हे हौशी माणसाचं काम नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा पूर्ण एक वर्षाचा ट्रेड आहे, तो उगाच नाही.

शेवटी स्वतःच्या जिवाबद्दल. टिगमध्ये ठिणग्या फारशा उडत नाहीत म्हणून लोक हाफ टीशर्टवर बसतात. अतिनील किरणांनी कातडी उन्हासारखी भाजते, म्हणून जाड सुती फुल बाह्या हव्यात. हेल्मेटशिवाय नुसतं बघितलं तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बघायला जमलेल्या पोरांनाही लांब ठेवा. गॅल्वनाइज्ड पाइप तसाच वेल्ड करू नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने तर भाग कधीच पुसू नका, ज्योतीजवळ त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो. दार-खिडकी उघडी ठेवा, फक्त वारा थेट टॉर्चवर नको.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी शिकत असेल तर या रविवारी एक काम करा. तुमचा सगळ्यात सुंदर टाका घ्या, आधी फोटो काढा आणि मग हातोडा उचला. फोटो कोणालाही दाखवा, पण पुढचा टाका कसा घालायचा ते मात्र तुटलेल्या तुकड्याला विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!