नळीची आतली बाजू



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकलात, अर्थशास्त्र ऐकलेत, वेदान्तही ऐकला असेल. मी आज मोटारसायकलच्या धुराच्या नळीविषयी बोलणार आहे. पुढच्या रांगेतील काही मंडळी हसली, ते मी पाहिले. खुशाल हसावे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा ज्या गोष्टी मी माणसांच्या हातांत पाहिल्या, त्यांविषयीच बोललेले बरे.

आमच्या युनियनमधला एक तरुण वेल्डर रविवारच्या रविवारी आपल्या चार सिलिंडरांच्या जुन्या मोटारसायकलला टर्बो बसवीत होता. टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून जळलेला वायू बाहेर पडतो, तेव्हा त्यात उष्णताही असते आणि जोरही असतो. एरवी तो सगळा हवेत जातो. आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनियराने १९०५ साली याचे पेटंट घेतले: त्या वायूच्या वाटेत एक चक्र ठेवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे, आणि दुसऱ्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणून शक्ती अधिक. आधी ही युक्ती जहाजांच्या व मोठ्या डिझेल इंजिनांच्या कामी आली. मोटारसायकलीवर ती १९७८ साली अमेरिकेत कावासाकीच्या एका गाडीबरोबर विकली गेली. १९८२ साली होंडाने सीएक्स ५०० टर्बो काढली. मागोमाग यामाहा, सुझुकी आणि पुन्हा कावासाकी. काही वर्षांतच चौघांनीही तो नाद सोडला. हौशी लोकांनी मात्र सोडला नाही.

सिलिंडरांतून निघणारा वायू एकत्र करून टर्बोपर्यंत नेणारा नळ्यांचा जुडगा म्हणजे मॅनिफोल्ड. प्रत्येक गाडीला साजेसा तो बाजारात मिळत नाही, करावा लागतो. एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, म्हणजे कोणी पालक नंतर माझ्याकडे तक्रार घेऊन यावयाचे नाहीत. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे फेरफार करून गाडी रस्त्यावर आणू देत नाही. हा खेळ शर्यतीच्या बंद मैदानावरचा आहे.

आता पोलादाकडे येऊ. न गंजणाऱ्या पोलादाची गोष्ट निघाली की शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीचे नाव निघते. हा पोलाद वितळविणाऱ्या भट्टीवाल्याचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली. कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम लागले. घरी वाचून आणि रात्रीच्या वर्गात बसून तो रसायन शिकला, व पुढे त्याच धंद्यातील संशोधनशाळेचा प्रमुख झाला. १९१३ साली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून तो क्रोमियम घातलेले पोलाद तपासत होता; त्यातले एक पोलाद आम्लालाही दाद देईना. पुढे हक्कावरून मालकांशी त्याचे बिनसले आणि १९१५ साली तो बाहेर पडला. मला हा माणूस जवळचा वाटतो, हे मी लपवीत नाही. तरी न्याय सर्वांना द्यावा. आमच्या नळीत क्रोमियमबरोबर निकेलही आहे, आणि त्या जातीचे पेटंट १९१२ साली जर्मनीत क्रुपच्या स्ट्राउस आणि माउरर यांच्या कामातून निघाले होते.

बाजारात या पोलादाला ३०४ म्हणतात. मॅनिफोल्डसाठी दुधाच्या व रसायनांच्या कारखान्यांत लागतात ते जाड बेंड विकत आणावयाचे. दीड इंची बेंडची भिंत सुमारे पावणेतीन मिलिमीटर जाड असते. ते हव्या त्या कोनात कापावयाचे आणि तुकड्यांना तुकडे जुळवून नळी वळवीत न्यावयाची. एका गाडीच्या मॅनिफोल्डला असे वीस-पंचवीस तुकडे सहज लागतात. दोन तुकड्यांच्या मध्ये कागदही जाता कामा नये, इतकी तोंडे घासावी लागतात. या घासण्यातच बहुतेक रविवार जातात. प्रत्यक्ष वेल्डिंगला त्या मानाने वेळ थोडा.

स्टेनलेस हे मोठे हट्टी पोलाद आहे. साध्या लोखंडापेक्षा ते उष्णता फार हळू वाहून नेते, आणि तापले म्हणजे त्याच्यापेक्षा अधिक वाढते. म्हणून एका बाजूने सलग टाका मारीत गेला की नळी त्या बाजूला ओढली जाते, आणि सकाळी नीट बसलेला फ्लँज संध्याकाळी बसत नाही. उपाय जुनाच आहे: सगळा जॉब जाड पट्टीवर बोल्टांनी आवळावा, आधी नुसते टॅक मारावेत, मग थोडे इकडे, थोडे तिकडे असे करीत जावे, आणि मध्ये मध्ये थंड होऊ द्यावे. घाई करणाऱ्याचे हे काम नाही. पुढे गाडी चालू असतानाही हाच स्वभाव आड येतो. आतला वायू आठशे-नऊशे अंश तापलेला असतो. फूटभर नळी आठशे अंशांनी तापली तर चार मिलिमीटरहून अधिक लांब होते. तिला हलायला जागा नसेल, किंवा टर्बोचे सगळे वजन तिच्याच अंगावर लटकत असेल, तर टाक्याच्या कडेने चीर पडते. शहाणा कारागीर टर्बोला स्वतंत्र आधार देतो.

हे वेल्डिंग आर्गनने करतात. टंगस्टनच्या टोकाशी ज्योत, भोवती आर्गनचे पांघरूण, दुसऱ्या हातात तार. ही रीत १९४० च्या सुमारास अमेरिकेत विमानांच्या कारखान्यात, मॅग्नेशियम जोडण्यासाठी बसविली गेली. बाहेरून टाका रुपेरी, फार तर सोनेरी उमटतो. एकावर एक नाणी आडवी मांडावीत तसा. लोक तेवढेच पाहतात आणि वाहवा करतात.

परंतु टाक्याची एक बाजू नळीच्या आत असते. तेथे हवा असेल तर तापलेले क्रोमियम तिच्यातला प्राणवायू घेते आणि करपते. काळ्या, खरखरीत, गुळाच्या खड्यांसारख्या गाठी उठतात. वेल्डर लोक याला साखर म्हणतात. क्रोमियम तेथे खर्ची पडल्यामुळे पोलादाचे न गंजणेही तेथेच कमी होते. आणि त्यातली एखादी कपची सुटली तर ती कोठे जाणार? मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या चक्रात. यावर उपाय असा की नळीची दोन्ही तोंडे बंद करावीत, एकीकडून आर्गन हळू सोडावा, दुसरीकडे बारीक भोक ठेवून आतली हवा निघून जाऊ द्यावी, आणि मगच ज्योत लावावी. यात गॅस जातो, वेळ जातो, आणि बाहेरून काही दिसत नाही. तुकड्यावर मजुरी असेल तेथे ही गोष्ट पहिली गाळली जाते. जेथे ती गाळली गेली असेल, तेथे वेल्डरला बोल लावण्यापूर्वी दर कोणी ठरविला ते विचारावे, अशी माझी विनंती आहे.

नळीची आतली बाजू अशी राखता येते. वेल्डरच्या छातीची आतली बाजू कोण राखतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण ही दोन्ही निश्चित कर्करोगकारक ठरविली. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियमचे एक विषारी रूप असते. अमेरिकेने २००६ साली त्याची मर्यादा घनमीटर हवेत पाच मायक्रोग्रॅम अशी ठरविली, इतके ते जहाल. खरे सांगायचे तर हे विष कांडीच्या वेल्डिंगमध्ये फार आणि आर्गनच्या वेल्डिंगमध्ये थोडे. म्हणून रविवारच्या हौशी कारागिराला मी घाबरवीत नाही. त्याला तीनच गोष्टी सांगतो. तेल पुसायला क्लोरीनयुक्त स्प्रे वापरू नये, कारण तो ज्योतीपाशी आला तर फॉस्जीन होतो, आणि हा पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरलेला वायू आहे. आर्गन हवेपेक्षा जड आहे, तो बंद खोलीत व खड्ड्यात साठतो आणि वास न देता गुदमरवतो. लाल पट्ट्याच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असते, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये.

पण हाच मुलगा सोमवार ते शनिवार टाक्यांच्या आत बसून कांडी जाळतो. तेथे पंखा नाही, आणि मुखपट्टी मागितली तर रुमाल बांध म्हणतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात क्रोमियममुळे होणारे रोग नोंदलेले होते. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. त्या कायद्यात एक अट होती. ज्या मालकाकडे काम करताना रोग झाला, त्याच्याकडे सलग सहा महिने नोकरी झालेली हवी, आणि दुसऱ्या मालकाकडची तशीच नोकरी त्यात धरावयाची नाही. एका कारखान्यात मी पाहिले, की कंत्राटदाराचे नाव दर पाच महिन्यांनी बदलत होते. शेड तीच, यंत्र तेच, मुकादमही तोच. हजेरीपटावर माणूस मात्र दर वेळी नवा. अकरा वर्षे काम केलेल्या वेल्डरला खोकला कोठे लागला, हे कागदावरून सांगता येईना. सहा महिने भरलेले असे कोणाकडेच नव्हते. डॉक्टरनेही विडी किती ओढता एवढेच विचारले. काम कोणते करता, हे विचारले नाही.

म्हणून आम्ही एक साधी वही छापली आहे. तारीख, काम कोणाचे, शेड कोणती, पोलाद साधे की स्टेनलेस, कांडी की आर्गन, आत बसून की उघड्यावर, पंखा होता की नव्हता, आणि शेवटी बरोबर काम करणाऱ्याची सही. रोज दोन ओळी भराव्या लागतात. आमचा तो मोटारसायकलवाला सुरुवातीला कंटाळला. मी त्याला म्हटले, तू तुकड्यांचे कोन अर्ध्या अंशापर्यंत लिहून ठेवतोस, मग हे का नाही? आता तो लिहितो. रविवारचे कामही त्यात लिहितो, हा त्याचा प्रामाणिकपणा.

वह्या बाहेर दाराशी मेजावर ठेवल्या आहेत. त्यांना दाम नाही. आपल्यापैकी वेल्डर थोडेच असतील. परंतु ज्यांच्या वाड्याचे फाटक, जिन्याचा कठडा, पाण्याची टाकी कोणी तरी जोडून दिली आहे, त्यांना तो माणूस कोठे बसतो ते ठाऊक असेल. जाताना एक वही त्याच्यासाठी न्यावी.