मुळशीच्या वाटेवर फिरते घर

ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले बारा-पंधरा टनांचे घर सहाराच्या वाळवंटात खुशाल फिरते. मुळशीत त्याचा निभाव लागेल काय? 2021 साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले, ते ठीकच. पण आपल्या खेड्यांचे रस्ते पुष्कळदा जेमतेम पावणेचार मीटरचे, आणि हे घर अडीच मीटर रुंद! समोरून एस.टी. आली की कोणाला तरी साइडपट्टीवर उतरणे भाग. आषाढात तिथे नुसता चिखल. सगळ्या चाकांना जोर असला तरी वजनानेच गाडी रुतते. गावचा ट्रॅक्टर तिला काय काढणार? तोवर पौडच्या रुग्णालयाकडे निघालेली बाळंतीण पलीकडे खोळंबायची. आम्हाला विचाराल तर ताम्हिणीला जीप आणि तंबू पुरे. मोठे घर न्यायचेच, तर दिवाळीनंतर न्यावे, आणि हमरस्ता सोडू नये.