नारायणरावांच्या तबकड्या

परभणी, सेलू, गंगाखेडकडील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून आजहि लाखेच्या तबकड्या निघतात. त्यांत बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, एखादी असली कीं चार गंधर्वभक्त जमतात, ग्रामोफोनला किल्ली देतात आणि ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांतील पदें पुन्हां ऐकतात. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’च्या गजरांत लांबत जाणारें पद तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावें लागे. तरीहि भास्करबुवा बखल्यांनीं बांधलेली ‘स्वयंवरा’ची चाल त्यांतून लख्ख उमटते.

नारायणराव १९६७ सालीं निवर्तले. त्यांचें गाणें पुढें ध्वनिफितींवर आणि सीडींवरहि आलें, पण भक्तांचें समाधान होत नाहीं. खरखर पुसतां पुसतां आवाजाची धारहि पुसली जाते आणि तबकडी अधिक वेगानें फिरविली तर स्वर चढतो, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. त्यांना नवें, काळजीपूर्वक केलेलें मुद्रण हवें आहे.

कायद्याची आडकाठी आतां उरलेली नाहीं. ध्वनिमुद्रणावरील हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षांनीं संपतो. अडचण निराळीच आहे. पोलादी सुई प्रत्येक खेपेस तबकडीच्या खांचा झिजविते. म्हणून जी तबकडी घरांत सर्वांत लाडकी, तीच सर्वांत बिघडलेली, आणि कोरी राहिली ती न आवडलेल्या गाण्याची! नव्या मुद्रणास हवी असलेली प्रत कदाचित् ज्या घरचा ग्रामोफोनच लवकर बंद पडला, तेथें असेल. तीहि वैशाखाच्या उन्हांत माळ्यावर आडवी पडली तर वांकते. ती खालीं उतरवून सावलींत उभी ठेवावी, आणि जाणकार येईपर्यंत सुईखालीं घालूं नये.