किनाऱ्यावरचा दिवा



तांबळडेग, वायंगणी, शिरोडा…
आपल्या सिंधुदुर्गाच्या या किनाऱ्यांवर
ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात.
बहुधा रात्रीच.
समुद्र कुठे, हे त्यांना कसं कळतं?
पाण्यावरच्या मंद उजेडाने.
जिकडे उजेड, तिकडे पिल्लू.

आणि मागे झगझगीत दिवा असेल तर?
पिल्लू समुद्राकडे पाठ फिरवतं.
सुरूच्या बनात, रस्त्यावर भरकटतं.
तिथे कुत्री असतात.
उजाडल्यावर कावळे येतात.
एवढ्याशा जिवाचा हा अंत आपल्या दिव्यामुळे व्हावा,
हे मनाला लागतं.

उपाय मात्र अवघड नाही.
विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचंच पाहा.
तिथल्या गावांत रस्त्यांवरच्या दिव्यांची तोंडं खाली वळवली.
२०२४ साली पेंच भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलं.

किनाऱ्यावर घर असलेल्यांनो, हॉटेल, न्याहारी-निवास चालवणाऱ्यांनो,
दिव्याचं तोंड जमिनीकडे करा.
पांढऱ्याऐवजी मंद, तांबूस दिवा लावा.
कासवांच्या हंगामात,
रात्री समुद्राकडचा दिवा बंद ठेवा.

पुन्हा सांगते…
समुद्राकडचा दिवा बंद.

येत्या ग्रामसभेत हा विषय नक्की मांडा,
आणि तसा ठराव करून घ्या.