पांढरीतले घर आणि अंदाजपत्रकातले घर



अन्न, वस्त्र, निवारा ही त्रयी चळवळीच्या प्रत्येक व्यासपीठावरून उच्चारली जाते. अन्नाच्या प्रश्नावर मोर्चे निघतात, रेशनच्या दुकानांसमोर धरणे धरले जाते. निवाऱ्याच्या बाबतीत मात्र कार्यकर्त्यांचे काम घरकुलाच्या यादीत नाव लागले की नाही आणि हप्ता मिळाला की नाही, एवढ्यावर येऊन थांबते. ते काम आवश्यक आहेच. परंतु जे घर पदरात पडते ते कसे असावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न त्यात मागे पडतो. शिरड शहापूरच्या परिसरात, जेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि जमिनीखालून अधूनमधून गूढ आवाज येतात, तो प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. तो जीविताचा होतो.

शहरात आज ज्याच्याकडे पैसा आहे त्याला वास्तुरचनाकार गाठून मनाजोगे घर बांधून घेता येते. त्याची राहणी, त्याची हौस, त्याच्या प्लॉटवर येणारे ऊन-वारे यांचा विचार होतो आणि त्या विचाराचे शुल्क तो मोजतो. खेड्यात एके काळी हाच विचार शुल्कावाचून होत असे. गवंडी, सुतार आणि पाथरवट हे घरधन्याच्या ओळखीचे असत; दोन बैलजोड्या कोठे बांधायच्या, धान्याचे बळद कोठे ठेवायचे, बाळंतिणीची खोली कोणत्या अंगाला असावी, हे ओट्यावर बसून ठरे. घर नकाशावर येत नसे, तरी ते त्या कुटुंबाच्या मापाचे असे.

मराठवाड्याच्या बोलीत गावाची जमीन दोन प्रकारची: काळी आणि पांढरी. काळीत पीक घ्यायचे, पांढरीत वस्ती करायची. जुने घर ह्या पांढरीतूनच उभे राहिले. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलच, पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, हे झाले माळवद. घराचे माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. ह्या भागात पाऊस वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून सपाट छप्पर चालून जाई. दिवसाचे ऊन त्या जाड भिंतींत आणि छतात मुरेपर्यंत संध्याकाळ होई, आणि ती उष्णता आत उतरू लागे तेव्हा माणसे अंगणात किंवा माळवदावर निजायला गेलेली असत.

ह्याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोकण किनाऱ्यावर, घराचे सारे गणित निराळे आहे. तेथे पाऊस येथल्या तिप्पट-चौपट, हवा दमट, आणि दिवसा-रात्रीच्या तापमानात अंतर थोडे. जाड भिंतीत उष्णता अडवून धरण्याचा तेथे फारसा उपयोग नाही. वारा खेळता हवा आणि भिंत पावसापासून वाचायला हवी. म्हणून तेथे जांभ्याच्या चिऱ्यांचे, उतरत्या छपराचे आणि पडवीचे घर आले. १८६५ साली बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती यंत्रावर काढलेली कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पसरली. नळीची कौले मागे पडली, परंतु उतरते छप्पर आणि पडवी टिकली. कारखान्याचा माल आला म्हणून हवामानाशी केलेला करार मोडावा लागतो असे नाही, हे कोकणच्या घराने दाखवून दिले.

तथापि जुन्या घराची आरती ओवाळणे हे चळवळीचे काम नव्हे. ज्या गावात पाटील-देशमुखांचे चौसोपी वाडे होते त्याच गावात भूमिहीन मजुराचे घर तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाचे होते, आणि दलितांची वस्ती गावकुसाबाहेर होती. माळवदाचा गारवा सर्वांच्या वाट्याला कधीच आला नाही. ज्या कारागिरांच्या हातांनी वाडे उभे राहिले त्यांपैकी अनेकांना स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते. पारंपरिक घराचे ज्ञान खरे होते. त्याची वाटणी मात्र अन्यायाची होती.

त्या ज्ञानालाही मर्यादा होत्या, आणि त्या किल्लारीने अत्यंत निर्दयपणे उघड केल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा जीव घेतला तो घराने. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. मधला भराव सुटा होता. आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माती टाकत गेल्यामुळे माळवदाचे ओझे प्रचंड वाढले होते. काही ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, पण भिंती आतल्या माणसांवर कोसळल्या. पूर्वी सागवान सहज मिळत होते आणि पाथरवटाला वेळ देता येत होता. पुढे लाकूड महागले, कारागिरी उतरली आणि ओझे वाढत गेले. घर हळूहळू धोकादायक होत असताना त्याकडे पाहणारा जाणकार गावात उरला नव्हता.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनातून दोन धडे मिळतात आणि ते परस्परविरोधी आहेत. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नवी घरे किती मोठी असावीत, हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना ४०० चौरस फूट, आणि त्याहून अधिक जमीनवाल्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने धनी आणि मजूर यांत भेद केला नव्हता. पुनर्वसनाच्या कागदाने तो केला. आखणी शहरी वसाहतीसारखी झाली, गुरे बांधायला आणि धान्य साठवायला पुरेशी सोय नाही, ही तक्रार पुढे अनेक गावांतून ऐकू आली.

दुसरा धडा अधिक आशादायक आहे. ज्या शेकडो गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करावे, शासनाने पैसा आणि तांत्रिक सल्ला द्यावा, अशी पद्धत स्वीकारली गेली. माळवदावरची जादा माती उतरवणे, भिंतींत आरपार दगड बसवणे, दारांच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा फिरवणे ही कामे गावातल्या माणसांनी केली. महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांनी ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघर जाऊन ते तंत्र समजावून दिले. शास्त्र आणि घरातल्या माणसाचा शब्द हे एकत्र नांदू शकतात, हे मराठवाड्याच्याच मातीत सिद्ध झाले आहे.

हा इतिहास हिंगोली जिल्ह्यापासून दूरचा नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदेच्या परिसरात भूगर्भातील आवाजांनी लोक वर्षानुवर्षे धास्तावलेले आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी, आणि पुन्हा त्याच वर्षी १० जुलैला, कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के ह्या जिल्ह्याने अनुभवले. मार्चमधील धक्क्यानंतर पत्रे दाबून ठेवण्यासाठी छपरावर ठेवलेले दगड काढून घ्या, असे आवाहन प्रशासनाने केले. ज्याच्याकडे पत्रा घट्ट बसवायला पैसे नाहीत तोच त्यावर दगड ठेवतो. दगड काढला तर वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडणार, ठेवला तर धक्क्यात डोक्यावर येणार. आवाहनाबरोबर चार हूक आणि पट्ट्या दिल्या असत्या तर त्या आवाहनाला अर्थ आला असता.

आता घरकुलाकडे पाहू. २०१६ साली इंदिरा आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घेतली. किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, आणि सपाट प्रदेशासाठी केंद्राने ठरवलेले साहाय्य १ लाख २० हजार रुपये. हे घर पक्के आहे, बाईच्या नावावरही लागू शकते, पावसात गळत नाही. ह्याचे मोल कमी लेखू नये. कुडातून आलेल्या कुटुंबासाठी ते प्रतिष्ठेचे आहे. परंतु चार-पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. माळवदावर निजणाऱ्या प्रदेशात अनेक घरकुलांना वर जायला जिनाच नसतो. हळदीचा, कापसाचा, सोयाबीनचा हा मुलूख. हळद शिजवायला, वाळवायला, पोती रचायला जागा लागते. २६९ फुटांत माणसे राहतात, पीक राहत नाही, म्हणून निघाल्याबरोबर मिळेल त्या भावाने विकावे लागते. घराचा आराखडा आणि बाजारातली अगतिकता यांचा असा संबंध आहे.

विशेष हे की योजनेच्या नियमांत ह्यावर काही उपाय लिहिलेले आहेत. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे, शासनाने ठेकेदार नेमायचा नाही. स्थानिक हवामानाला आणि आपत्तींना अनुरूप नमुने उपलब्ध करायचे आहेत. ग्रामीण गवंड्यांना प्रशिक्षण द्यायचे आहे. ‘पहल’ ह्या नावाने निरनिराळ्या राज्यांतील प्रादेशिक घरांच्या नमुन्यांचे संकलन केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच प्रसिद्ध केले. कागदावर निवड आहे. लाभार्थ्यापर्यंत ती पोहोचली की नाही, हे विचारणारा कोणी हवा.

हे काम अशक्य नाही, हे किनाऱ्यावरच्या केरळने दाखवले. अच्युत मेनन मुख्यमंत्री असताना तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्राचे बांधकाम लॉरी बेकर यांच्याकडे आले. पुढे १९८५ साली ‘कॉस्टफोर्ड’ ह्या संस्थेच्या उभारणीत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि बेकर एकत्र आले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली की सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या बाजूला, जेथे काँक्रीट ओझे पेलण्याचे काम करीत नाही, तेथे कौले घातली की सिमेंट वाचते. हे तंत्र जसेच्या तसे येथे उचलावे असे नव्हे. येथे भूकंपाचा विचार आधी करावा लागेल. अनुकरणीय आहे ती पद्धत: जवळचे साहित्य, राहणाऱ्याच्या गरजेचा विचार, आणि त्यामागे अभियंत्याचे शास्त्र.

ह्यातून कार्यकर्त्यांसमोर चार कामे उभी राहतात. पहिले, ग्रामसभेत घरकुलाच्या यादीबरोबर नमुन्यांचीही चर्चा घडवून आणणे, आणि त्या चर्चेत दुपारभर त्या छपराखाली राबणाऱ्या बायांना प्रथम बोलू देणे. दुसरे, तालुक्यातील गवंड्यांच्या प्रशिक्षणाची मागणी लावून धरणे. सलग पट्टा, कोपऱ्यांतील लोखंडी सळई आणि आरपार दगड ह्या बाबतीत तडजोड होऊ न देणे. तिसरे, जिना, स्लॅबवर सावली आणि पिकासाठी एक खण ह्या वाढीव गोष्टींचा खर्च अंदाजपत्रकात धरला जावा ह्यासाठी पंचायत समितीवर दबाव आणणे. चौथे, ज्यांना बांधायला जागाच नाही त्यांच्यासाठी जागेचा प्रश्न पुढे नेणे. जागाखरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजना राज्यशासनाने २०१५ साली काढली, परंतु गावाच्या पांढरीत तुकडा विकत घेणे हे गावकुसाबाहेरच्या माणसासाठी केवळ पैशाचे काम नाही, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे.

ही चारही कामे लहान वाटतील. पण अर्ज भरून घेणारा कार्यकर्ता आणि बांधकामाच्या पायापाशी उभा राहणारा कार्यकर्ता यांत फरक आहे. येत्या उन्हाळ्याआधी आपापल्या गावातील घरकुले दुपारी दोन वाजता आतून पाहून यावीत, तेथील माणसांना काय बदलायला हवे ते विचारावे आणि ते लिहून घ्यावे. पंचायत समितीपुढे ठेवायचे निवेदन त्या नोंदींतूनच तयार होईल.