वसतिगृहातील पहिले वर्ष

विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांची मुले यंदा प्रथमच घर सोडून शिकावयास गेली आहेत अशा मातापित्यांनो,

वसतिगृहाच्या दारातील पहिल्या दिवसाचे दृश्य फारसे बदललेले नाही. पूर्वी पत्र्याची पेटी आणि वळकटी असे, आता चाकांची बॅग असते, इतकेच. वडील कचेरीत पावती करीत असतात, आई गादीवर चादर घालीत असते, आणि चिरंजीव ‘आता तुम्ही निघा’ असे हळूच पुटपुटत असतात. ती दोघे निघून गेल्यावर त्या रात्री त्याला काय वाटते ते मात्र तो कोणास सांगत नाही. बडोद्यास गणिताचा अध्यापक म्हणून मी ३४ वर्षे काढली. त्यांपैकी ९ वर्षे वसतिगृहाचा रेक्टर होतो. बेळगाव-खानापूरकडची मुले तेथल्या गोड आमटीवर महिनाभर रुसून बसत आणि दिवाळीनंतर तीच दोनदा वाढून घेत. तेव्हा आमटीची चिंता मी करीत नाही. चिंता दुसरीच आहे.

ती सांगण्यासाठी मला माझीच हकीगत सांगावी लागेल. १९६७ साली खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून मी बेळगावास शास्त्र शाखेत दाखल झालो. सारी व्याख्याने इंग्रजीत. शब्द कानांवर पडत, अर्थ वाटेतच राही. फळ्यावरचे सारे मी सुबक अक्षरात उतरून घेई आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाची. सहामाहीत पदार्थविज्ञानात १०० पैकी ११ गुण पडले. घरी पत्र धाडले, ‘अभ्यास उत्तम चालला आहे.’

वडिलांची दरमहा ४० रुपयांची मनीऑर्डर येई, आणि जेवणाचा डबा सकाळच्या गाडीने दूध घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती येई. ते ४० रुपये हाती पडले की मला चोरी केल्यासारखे वाटे. अन्न घशाखाली उतरेना. डबा निम्मा भरलेला परत जाऊ लागला. पत्राने खोटे सांगितले होते, पण डब्याने खरे सांगितले. चौथ्या दिवशी अण्णा स्वतःच डबा घेऊन खोलीवर आले. गुणांविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. ‘अरे, जेवत का नाहीस?’ एवढेच विचारले. मग मी सारे सांगितले, रडलोही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मला यातले काही कळत नाही. ज्याला कळते त्याच्याकडे आपण जाऊ.’ आणि धोतर-टोपीतले माझे अण्णा मला घेऊन थेट प्राध्यापकांच्या घरी गेले.

प्राध्यापकांनी मला एकच गोष्ट करावयास लावली. एक पान वाचावे, पुस्तक मिटावे, आणि वाचले ते मराठीत मोठ्याने सांगावे. अडेल तेथेच पुस्तक उघडावे. दुसऱ्या दिवशी तेच कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहावे. प्रथम फार लाज वाटली, कारण इतक्या रात्री जागून मला काहीच येत नव्हते हे पुस्तक मिटताक्षणी उघड झाले.

ही युक्ती केवळ जुन्या मास्तरांची नव्हे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा चार बैठकींत वाचला. काहींनी तो एकाच बैठकीत वाचून पुढे तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने विषय ओळखीचा वाटतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. माझ्या ११ गुणांचे रहस्य हेच होते.

जागरणाविषयीही थोडे बोलतो. रात्रभर जागल्याचे मुले अभिमानाने सांगतात. वस्तुतः दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे पुष्कळसे काम झोपेतच होते. १८ ते २५ वयाच्या तरुणांस सात ते नऊ तास झोप हवी, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय निद्रा प्रतिष्ठानाने २०१५ साली सांगितले आहे. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यातच घालविले, हे सर्वश्रुत आहे. तुम्ही वर्ष घालवा असे मी म्हणत नाही, पण संध्याकाळचा एक तास मैदानास द्या, आणि रात्री तो मोबाइल उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकास ठेवा. पैशांचा हिशेब एका वहीत लिहीत जा. त्यावर याहून अधिक बोलण्याची गरज नाही.

आता जे बोलावयाचे ते मला सोपे नाही. रेक्टर असताना एक मुलगा भोजनगृहात येईनासा झाला. नियम असा होता की, न कळविता गैरहजर राहिल्यास दंड. मी दंडाची चिठ्ठी त्याच्या दाराखाली सरकविली. तीन दिवसांनी दुसरी. पाचव्या दिवशी पाहतो तो खोली रिकामी. सामान घेऊन तो रात्रीच निघून गेला होता. तो सुखरूप घरी पोहोचला, पण पुन्हा कोणत्याच महाविद्यालयात गेला नाही, असे पुढे कळले. ज्याचा स्वतःचा डबा एकदा निम्मा भरलेला परत गेला होता, त्या माणसाने हे केले! दार ठोठावून ‘अरे, जेवत का नाहीस?’ असे विचारावयास मला दोन मिनिटेही लागली नसती. त्यानंतर मी चिठ्ठ्या बंद केल्या आणि रोज रात्री भोजनगृहाची हजेरी स्वतः पाहू लागलो.

म्हणून, मित्रहो, शेजारच्या खोलीतला कोणी दोन दिवस जेवावयास दिसला नाही, तर त्याचे दार ठोठवा. तो तुम्हीच असाल, तर एखाद्या शिक्षकाकडे जा. तेही अवघड वाटले, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. मी पुन्हा सांगतो, १४४१६.

आणि मातापित्यांनो, आता डबे गाडीने जात-येत नाहीत, त्यामुळे ती खूण तुमच्या हाती उरलेली नाही. रविवारी मुलाचा फोन येईल तेव्हा सहामाहीचे विचारण्याआधी आज काय जेवलास, कोणाबरोबर जेवलास, हे विचारा, आणि उत्तर देण्यास तो किती वेळ घेतो तिकडे लक्ष असू द्या.