साथ

मंडळी, हलती चित्रं म्हटली की ती मुलांची, असं आपण धरूनच चालतो. उंदीर मांजराला पळवतो, मांजर भिंतीवर आपटतं, मुलं खिदळतात आणि आपण घड्याळाकडे पाहतो. माझीही समजूत अशीच होती. त्यामुळे आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने "सर, ही जपानी मालिका पाहाच," असा आग्रह धरला, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. मुलगा चिवट होता. म्हणाला, "सर, यात कुणी आकाशात उडत नाही, कुणी तलवार चालवत नाही. दोन मुलं वाजवतात आणि भांडतात, एवढंच." एवढंच म्हटल्यावर मात्र मी पाहायला बसलो आणि बाराही भाग पाहून उठलो. त्या मालिकेविषयी, आणि तिच्यामुळे नव्याने कळलेल्या आपल्याच एका शब्दाविषयी आज बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे 'साथ'.

चित्रांतून हलत्या केलेल्या कथांना जपानमध्ये अ‍ॅनिमे म्हणतात. तिथे त्या लहानांसाठी असतात, तशाच थोरांसाठीही असतात. या मालिकेचं नाव 'साकामिची नो अपोलोन', म्हणजे चढणीच्या वाटेवरचा अपोलो. अपोलो हा ग्रीकांचा संगीताचा देव, आणि चढण आहे ती शाळेची. मूळ चित्रकादंबरी यूकी कोदामा या लेखिकेची. तिच्यावरून शिनिचिरो वातानाबे यांनी ही मालिका दिग्दर्शित केली, संगीत योको कान्नो यांनी दिलं, आणि २०१२ साली ती जपानच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली.

कथा सुरू होते १९६६ च्या उन्हाळ्यात. गाव सासेबो. जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं बेट आहे, त्यावरचं हे बंदर. दुसरं महायुद्ध संपलं आणि इथे अमेरिकन आरमाराचा तळ आला. खलाशी आले, त्यांच्यामागे त्यांच्या ध्वनिमुद्रिका आल्या, आणि त्यांबरोबर जॅझ हे संगीत आलं.

काओरू हा हायस्कुलातला मुलगा. वडील बोटीवर नोकरीला, म्हणून ह्याची दर थोड्या दिवसांनी शाळा बदलते. आता तो सासेबोला काकांच्या घरी राहायला आला आहे. अभ्यासात हुशार, पियानो उत्तम वाजवणारा, पण चारचौघांनी नुसतं पाहिलं तरी त्याच्या पोटात ढवळून येतं. शिक्षकबंधूंनो, असं एखादं मूल तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेलं असेल. आपण त्याला "शहाणं पोर" म्हणतो, कारण ते त्रास देत नाही. त्याला कोणता त्रास आहे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

याच शाळेत सेन्तारो आहे. धिप्पाड, मारकुटा, ज्याला पाहून पोरं वाट सोडतात असा. याच्याही मनात एक सल आहे. बाप अमेरिकन सैनिक, आई जपानी. केसांच्या रंगापासून धर्मापर्यंत सगळ्यात तो इतरांहून वेगळा. या दोघांची गाठ घालते रित्सुको. तिच्या वडिलांचं ध्वनिमुद्रिकांचं दुकान आहे आणि दुकानाच्या तळघरात वाद्यं मांडलेली आहेत. सेन्तारो तिथे ड्रम वाजवतो.

पहिल्या भेटीत काओरू आपलं शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीत वाजवतो. एकही चूक नाही. तरी सेन्तारो म्हणतो, हे जॅझ नव्हे. काओरूला राग येतो. तो 'मोनिन' नावाच्या रचनेची ध्वनिमुद्रिका विकत घेतो आणि हट्टाने घोटत बसतो. बॉबी टिमन्स याने रचलेली आणि ड्रमवादक आर्ट ब्लेकी याच्या चमूने १९५८ साली ध्वनिमुद्रित केलेली ही रचना. तिची घडण ऐकाल तर ओळखीची वाटेल. पियानो एक ओळ टाकतो, बाकीची वाद्यं तिला उत्तर देतात. ही सवाल-जवाबाची रीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनाघरांतून आली. आपल्या भजनात बुवा ओळ सोडतात आणि टाळकरी ती उचलतात, तसंच काहीसं. आणि जॅझ आपल्याला अगदी परकं आहे, असंही नाही बरं का! मुंबईतल्या गोवेकर वादकांनी ते कित्येक वर्षं वाजवलं. त्यांतले चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात होते, आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातल्या गाण्यांत त्या वाजवण्याचा रंग आजही ऐकू येतो.

काओरूची खरी अडचण काय होती? बोटं तयार होती, कान तयार नव्हते. कागदावरचे सूर वाजवताना शेजारी कोण आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. जॅझमध्ये ते चालत नाही. मूळ चाल सगळ्यांना ठाऊक असते. पण पुढे कोण कुठे वळेल, हे त्या क्षणी ऐकूनच कळतं. सोबत्याने जागा घेतली की आपण थांबायचं, तो अडला की आपण सावरायचं. हे तळघरात शिकता शिकता काओरूला जन्मात पहिल्यांदा मित्र मिळाला.

आता मित्र आले म्हणजे भांडणं आली, आणि वय सोळा-सतराचं म्हणजे प्रेमही आलं. काओरूचं मन रित्सुकोवर, रित्सुकोचं सेन्तारोवर, सेन्तारोचं युरिका नावाच्या मुलीवर, आणि तिचं जुनइची या ट्रंपेट वाजवणाऱ्या कॉलेजकुमारावर. जो तो पुढच्याच्या पाठीकडे पाहतो आहे! हसू येतं, पण लेखिका कुणाची थट्टा करत नाही. यात खलनायक कुणीच नाही. प्रत्येक जण कुणाला तरी दुखावतो, ते बहुधा नकळत.

मालिकेतला एक प्रसंग सांगतो. सेन्तारो शाळेतल्या एका गिटारवाल्या मंडळींना ड्रमची साथ द्यायला जातो. काओरूला वाटतं, आपल्याला टाकलं. अबोला सुरू होतो. शाळेचं संमेलन येतं, त्या मंडळींचा कार्यक्रम रंगात येतो, आणि वीज जाते! गिटार मुक्या होतात. आपल्याला हा अनुभव नवा नाही. मुलं उठून जाऊ लागतात. तेव्हा काओरू पुढे होतो. पियानोला वीज लागत नाही, ड्रमलाही लागत नाही. तो एक चाल सुरू करतो. सेन्तारो क्षणभर पाहतो आणि ठेका धरतो. मग चालीतून चाल निघत जाते, शेवटी 'मोनिन' येतं, आणि शाळाभरची मुलं धावत सभागृहाकडे लोटतात. "माझं चुकलं" असं कुणी म्हणत नाही. म्हणायला जागाच उरत नाही.

हा प्रसंग खरा वाटतो, त्यामागे मेहनत आहे. शुन इशिवाका आणि ताकाशी मात्सुनागा या तरुण वादकांनी प्रत्यक्ष ड्रम आणि पियानो वाजवले. त्यांच्या वादनाचं चित्रण केलं, आणि ते पाहून चित्रकारांनी बोटं, मनगटं, काठ्या रेखाटल्या. म्हणून सूर आणि हात यांत फरक पडत नाही. पण मला त्याहून मोठी वाटली ती नजर. दोघं वाजवताना मधून मधून एकमेकांकडे पाहतात, कारण पाहिल्याशिवाय पुढची जागा कळत नाही.

पुढे व्हायचं तेच होतं. एका अपघातानंतर सेन्तारो स्वतःला दोषी मानून गाव सोडून जातो. काओरू तोक्योला शिकायला जातो, डॉक्टर होतो. बरीच वर्षं लोटतात. मग एका छायाचित्रावरून मित्राचा माग लागतो, आणि एका लहानशा बेटावरच्या चर्चमध्ये काओरू तिथल्या ऑर्गनवर 'मोनिन' वाजवू लागतो. उत्तरादाखल ड्रम कसे आले, ते मी सांगत नाही. ते तुम्हीच पाहा.

मंडळी, आता थोडं माझं. आमच्या गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवत असे आणि माझा एक मित्र पखवाज. कॉलेजात असताना एका कार्यक्रमानंतर मी चारचौघांत म्हणालो, "आज ठेका धावत होता." तो काही बोलला नाही. पुढे वीस वर्षं आम्ही बोललो नाही. मी शहरात प्राध्यापक झालो, तो शेती पाहतो. गावी गेलो की मी दुसऱ्या गल्लीने जात असे. मालिकेचा शेवट पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. ठेका धावत होता की माझी पेटी मागे पडत होती, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

गेल्या कार्तिकी एकादशीला मी गावी गेलो आणि देवळात पेटीपाशी जाऊन बसलो. पखवाजावर तोच होता. अभंग सुरू झाला. दुसऱ्या कडव्याला माझी बोटं अडखळली. सवय कुठली राहणार! त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि ठेका किंचित आवरून धरला, मी गाठेपर्यंत. भजन संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "पेटीला भाता नवा घालायला पाहिजे." मी म्हटलं, "घालू या."

आपल्या भाषेत वाद्याची ती साथ आणि माणसाची तीही साथच. दोन्ही ठिकाणी आधी ऐकावं लागतं. शिक्षकबंधुभगिनींनो, यंदाच्या संमेलनात पहिल्या नंबराच्या मुलाला एकट्याला उभं करू नका. मागच्या बाकावरच्या त्या अबोल पोराच्या हाती टाळ द्या, आणि वर्गातल्या सर्वांत दांडगट मुलाला त्याच्याशेजारी बसवा. पहिले काही दिवस गोंगाट होईल. तेवढा होऊ द्या.